हाताला विचारा

आमचा घरमालक आहे का गेला, असं जुनी गिऱ्हाइकं मला अजून विचारतात. आहे. सकाळी उन्हाला खुर्ची टाकून देतात, तिच्यावर बसतो. चमच्यानं जेवतो. पण सोमाटण्यात ज्याला सगळे आबा म्हणायचे तो म्हातारा आता नाही. तो कुठं संपला ते मला ठाऊक आहे, कारण मी शेजारी बसले होते. कुरवंड्याच्या रस्त्यावर, भर दुपारी, चालू गाडीत.

जुन्या हायवेच्या कडेला त्याची चाळ होती. पुढच्या दोन खोल्या माझ्याकडे. एकीत मी राहायचे, दुसरीत खाणावळ चालवायचे. मागच्या खोल्यांत तळेगावच्या कारखान्यांत जाणारी पोरं होती, तीच माझी गिऱ्हाइकं. म्हाताऱ्यानं चाळीच्या मागं बंगला बांधला होता, पण बंगल्यात तो फक्त झोपायचा. बाकी वेळ माझ्या खाणावळीच्या दारात, नाहीतर गाडीत. गाडीत म्हणजे कुठं निघालेला असायचा असं नाही. इंजिन चालू करून, उभ्या गाडीत, स्टेरिंग धरून डोळे मिटून बसायचा. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं घरात भांडण झालं असेल. नंतर कळलं की हा त्याचा देवळात जाण्याचा प्रकार आहे.

आधी तो ट्रक चालवायचा. सगळी उमेद खंडाळ्याच्या घाटात गेली. त्या वेळच्या ट्रकचं स्टेरिंग म्हणजे नुसतं लोखंड. वळणावर सीटवरून उठून, छाती लावून ते ओढावं लागायचं, असं तो सांगायचा आणि माझ्या रिकाम्या पातेल्यावर करून दाखवायचा. मनगटं केवढी जाड होती. तळहाताची कातडी बैलाच्या खांद्यासारखी झाली होती. पण त्या कातडीखाली त्याला सगळं कळायचं. ढगात समोरचं काही दिसत नसताना, चाक डांबरावर आहे का कडेच्या मातीवर, हे हातावरून ओळखून त्यानं माल खाली पोचवलाय. ते खोटं नसावं, कारण तो जिवंत होता.

पुढं हायवेची जमीन बिल्डरला गेली आणि घरात पैसा आला. त्या दिवसांत आमच्याकडं ज्याच्या घरात पैसा आला त्यानं मोठी गाडी घेतली, लोकांनी बघावी म्हणून. ह्यानंही घेतली. शोरूममधली सगळ्यात उंच, आतून बैठकीच्या खोलीसारखी. तिचं छत उघडायचं, सीट गरम व्हायची, पडद्यावर मागचा रस्ता दिसायचा. म्हाताऱ्याला ह्यातल्या कशाचं काही नव्हतं. छत त्यानं एकदाही उघडलं नाही. गाणी लावू द्यायचा नाही.

"गप बसायचं गाडीत," म्हणायचा. "ती बोलती."

बोलायची ती स्टेरिंगमधून. त्या गाडीचं स्टेरिंग तेलावरचं होतं. इंजिन पट्ट्यानं एक पंप फिरवतं, पंप तेल दाबतो आणि ते दाबलेलं तेल आपल्या हाताला जोर देतं. हे मी त्याच्या तोंडून इतक्यांदा ऐकलंय की झोपेत विचारलं तरी सांगीन. तो म्हणायचा, "जोर तेलाचा हाय, पन हुकूम हाताचा. आन् रस्त्याला काय सांगायचं आसल तर ते त्याच वाटंनं उलटं हाताला येतं." जेवायला बसलेल्या पोरांना तो हे ऐकवायचा, ती माना डोलवून भाकरी मोडायची.

"हाताला इचारा." हे त्याचं सगळ्यावर उत्तर होतं. कलिंगड गोड आहे का, हाताला इचारा. भिंत आतून ओली आहे का, हाताला इचारा. पोरीसाठी पाहिलेला मुलगा कसा आहे, त्याचा हात धरा आन् हाताला इचारा. माझ्या स्वयंपाकात शिरून भाकरीच्या पिठात हात घालायचा आणि म्हणायचा, "पानी जास्त झालंय बाई." पाणी जास्त झालेलं असायचं. म्हणूनच मला राग यायचा. एकदा मी उलथनं हाणलं मनगटावर. तो हसला आणि म्हणाला, "उलथन्याची मूठ ढिली झाली, बगा." तीही झाली होती.

पोरांशी तो हस्तांदोलन करायचा. नवं पोरगं खोली मागायला आलं की कागद बघायचा नाही, हात धरायचा. धरून ठेवायचा. पोरगं कावरंबावरं व्हायचं. मग म्हातारा सांगायचा, "आईची आठवन येतीय" किंवा "नोकरी गेली काय रं, सांगत न्हाईस" असं काहीतरी. बहुतेक बरोबर निघायचं. एकदा एका पोराला म्हणाला, "तुला ताप येनार," आणि संध्याकाळी ते तापानं फणफणलं. मी त्या पोराला पेज करून दिली. म्हाताऱ्यानं दारात उभं राहून दोनदा विचारलं, "सांगितलंतं का न्हाई?" पेजेची वाटी आत न्यायला मात्र हात लावला नाही.

दसऱ्याला लोक गाडीच्या तोंडाला हार घालतात. हा घालायचा स्टेरिंगला. हळदकुंकूही त्यालाच. मग तसाच गाडी घेऊन हिंडायचा आणि दिवसभर त्याचे पंजे लाल. चहाच्या पेल्याला कुंकू, माझ्या दाराच्या चौकटीला कुंकू, पोरांच्या पाठीवर थाप मारली की शर्टाला कुंकू. मी दरवर्षी पुसायचे आणि दरवर्षी बोलायचे.

त्या स्टेरिंगला एकदा त्यानं माझाही हात लावायला लावला. मी तळेगावच्या बाजारातून भाजीच्या पिशव्या घेऊन रिक्षाची वाट बघत होते. त्यानं गाडी थांबवली, पिशव्या मागं टाकल्या आणि मला पुढं बसवलं. सोमाटण्याच्या अलीकडं त्याच्या उरलेल्या जमिनीचा एक तुकडा होता, नुसती खडी पसरलेली. तिथं गाडी घातली, एकदम हळू केली आणि म्हणाला, "हात लावा."

"मला गाडी येत न्हाई."

"चालवायला कोन सांगतंय. बाजूनं धरा. बोटं सैल सोडा. आवळलं म्हंजी ऐकू येत न्हाई."

मी उजवा हात लांब करून त्या चाकाला लावला. चौथीपर्यंत शिकलेली बाई मी, मला यंत्रातलं काय कळणार, असं मनात होतं. पण मला ते ओळखीचं वाटलं. लहानपणी जात्यावर बसलेली आहे मी. खुंट्याला हात असला की आत दाणा आहे का संपला ते बघावं लागत नाही. जाड भरडतंय का बारीक, तेही कळतं. तसंच होतं ते. खाली खडी मोठी होती तिथं हाताला मोठी लागत होती, मुरूम आला तिथं बारीक. चाकं खाली, मी वर गादीवर, आणि मधे काही नाही असं.

"जातं हाय की," मी म्हणाले.

म्हाताऱ्यानं गाडी थांबवून माझ्याकडं बघितलं. "बाई," तो म्हणाला, "घरातल्या एकाला कळलं न्हाई आजवर."

त्या दिवसापासून तो मला जास्त मानायला लागला. मला त्याचा काही उपयोग नव्हता.

त्याचा थोरला प्लॉटिंगचं काम करायचा. वाईट नव्हता. पण गिऱ्हाइकाला जुन्या गाडीतून प्लॉट दाखवायला त्याची मान खाली जायची. शिवाय त्या गाडीचं तेल गळायला लागलं होतं. चाळीच्या अंगणात जिथं उभी राहायची तिथं तांबडे डाग पडायचे. म्हातारा वाकून डागात बोट बुडवायचा, चोळायचा, वास घ्यायचा आणि गॅरेजला न्यायचा. परत आली की काही दिवस बरी, मग पुन्हा डाग. थोरला म्हणायचा, "आबा, आता तेलाच्या स्टेरिंगची गाडी कोन बनवत न्हाई. समदी लाइटीवर आली." म्हातारा म्हणायचा, "मग माज्यासारखा बी कुनी बनवत न्हाई आता. मला बी देऊन टाक."

म्हातारा पाहुण्यांच्या लग्नाला बाहेरगावी गेला असताना थोरल्यानं जुनी देऊन नवी आणली. परत आला तर दारात नवी गाडी, फीत बांधलेली, आणि सून ताटात निरांजन घेऊन उभी. म्हाताऱ्यानं फीत सोडली, आत बसला, उभ्या गाडीतच स्टेरिंग इकडून तिकडं फिरवलं आणि खाली उतरला.

"पंप कुटंय?"

"पंप नस्तोय आबा हिला. मोटर हाय. तेल न्हाई, गळायचं न्हाई, डिझेल बी कमी खाती. बगा, एका बोटानं फिरतंय."

"एका बोटानं घंटी वाजवत्यात," म्हातारा म्हणाला आणि माझ्याकडं चहा प्यायला आला.

खरं सांगायचं तर गाडी चांगली होती. मी बसलेय. खड्डा पोटात जाणवायचा नाही. अरुंद गल्लीत तिची ती वळून उभी राहायची, थोरला नुसता हात मांडीवर ठेवून बसायचा. ज्याला इथून तिथं पोचायचं आहे त्याला ह्याहून काय पाहिजे. पण म्हाताऱ्याला पोचायचं नव्हतं. त्याला कुठंच काम नव्हतं.

एक्सप्रेस वेवर तर वेगळाच तमाशा झाला. पांढऱ्या पट्ट्यावर चाक गेलं की ती गाडी आपणहून स्टेरिंग मागं ओढायची. माणसाला डुलकी लागली तर वाचावा म्हणून ती सोय. म्हाताऱ्याला कुणी सांगितलं नव्हतं. त्यानं फाडकन स्टेरिंगवर चापट मारली आणि म्हणाला, "कोन हाय आत?" मागं सून आणि मी होतो, लग्नाला निघालेल्या. सून पदरात हसली. तो हसला नाही. थोरल्यानं नंतर ती सोय बंद करून आणली, पण म्हातारा कित्येक दिवस स्टेरिंगकडं कुणी आपल्या ताटात हात घातल्यासारखा बघायचा.

त्या दसऱ्याला त्यानं स्टेरिंगला हार घातला नाही. सुनेनं दिला तर म्हणाला, "मेलेल्याला घालत्यात तो हार येगळा अस्तो."

"मेलंय" हाच त्याचा शब्द होता त्या स्टेरिंगसाठी. काही लागत नाही, खडी लागत नाही, डांबर लागत नाही, दगडावर गेलं तरी लागत नाही. तो शोरूमला चकरा मारायला लागला. मलाही एकदा नेलं, साक्षीला. तिथली इंजिनिअर एक लहानशी मुलगी होती, चष्मा लावलेली, शांत. तिनं गाडीला तिचा कॉम्प्युटर जोडला, सगळं तपासलं, स्वतः चालवून आली.

"आजोबा, गाडीत काही दोष नाही."

"दोष न्हाई, जीव न्हाई."

ती हसली नाही, हे मला आवडलं. तिनं पडद्यावर काहीतरी दाबून स्टेरिंग जड करून दिलं. म्हातारा एक चक्कर मारून आला. "जड झालं," म्हणाला. "बोललं न्हाई."

"नव्या गाड्यांत रस्ता थोडा कमी जाणवतो," ती म्हणाली. "जुनी सवय असली की फरक कळतो. पण अगदी काहीच जाणवत नाही, असं नसतं आजोबा. मला जाणवतंय."

म्हातारा उठून बाहेर गेला. जाताना त्यानं पायरीवर एक चप्पल सोडली. सोडली म्हणजे, ती पायातून निसटली आणि हा तसाच पुढं गेला, एक पाय चपलेत आणि एक तापलेल्या फरशीवर. गाडीपाशी पोचेपर्यंत त्याला कळलंच नाही. मी चप्पल उचलून नेली आणि त्याच्यापुढं टाकली.

"आबा, ही कुटं टाकली?"

त्यानं खाली बघितलं. पायाकडं बघितल्यावर त्याला कळलं. "सैल झालीय," म्हणाला.

साखर होती त्याला. गावात सगळ्यांना ठाऊक होतं, त्यालाही. गोळ्या घ्यायचा नाही, कडुलिंबाचा पाला चावायचा आणि वर माझा गोड चहा प्यायचा. त्या चपलेनंतर मी लक्ष ठेवायला लागले. मुद्दाम नव्हे. माझ्या दारातच तो बसलेला असायचा, दिसणारच. स्टीलच्या पेल्यात उकळता चहा दिला की पोरं पेला फडक्यात धरतात, ह्या हातातून त्या हातात करतात. तो मुठीत धरून बसायचा. शांत. दुसऱ्या दिवशी बोटांवर फोड. "कशानं आलं?" विचारलं तर म्हणायचा, "काय चावलं आसल."

एक दिवस पिठात हात घालून म्हणाला, "झकास झालंय." मी पीठ अजून भिजवलंच नव्हतं, वरून नुसतं पाणी शिंपडलं होतं. त्याच्या बोटांवरचे फोड अजून ओले होते, म्हणून मी ते पीठ फेकलं आणि दुसरं घेतलं.

मग ते पोरगं. मागच्या खोलीतलं, बीडकडचं. त्याचा बाप वारला होता, ते गावाहून सगळं करून परत आलं होतं. डोकं भादरलेलं, पण वर टोपी होती. म्हाताऱ्यानं नेहमीसारखा त्याचा हात धरला, धरून ठेवला, आणि सगळ्यांसमोर म्हणाला, "मजेत हाय गडी. गावाकडं लगीन ठरवून आलाय." पोरगं बघत राहिलं. मग हळूच हात सोडवून घेतला आणि न जेवता खोलीत गेलं. दुसऱ्या पोरानं खरं काय ते सांगितलं. म्हातारा आपल्या हाताकडं बघत बसला, उलटा केला, सुलटा केला. त्यानंतर पोरं त्याच्यापुढं हात करीनाशी झाली. लांबूनच "राम राम आबा" म्हणायची.

मी तोंडावर बोलले. मला गोडीगुलाबीनं सांगता येत नाही. "आबा, गाडीचं राहू द्या. हात दाखवा डाक्टरला. पाय बी दाखवा. तुमालाच लागंना झालंय."

तो ताठ झाला. "माजं हात?" म्हणाला. "ह्या हातानं ढगातनं ट्रक खाली आणलाय. गाडी मेलीय बाई. हात न्हाई."

"मला लागतंय की तिच्यात. दुरून लागतंय, पन लागतंय."

"तुमाला काय कळतंय त्यातलं."

ज्या बाईला घरातल्यांपेक्षा जास्त कळतं म्हणाला होता, तीच मी. तो उठला, पेला तसाच ठेवला आणि पुढं बरेच दिवस माझ्या दारात आला नाही. थोरल्याला मी सांगितलं. तो म्हणाला, "मावशी, लय डोकं खाल्लंय त्यांनी त्या गाडीपायी. वय झालंय, जाऊ द्या." डॉक्टरकडं नेतो म्हणाला. नेलं, पण फार पुढं. तेव्हा पायाचं एक बोट काळं पडलं होतं.

म्हातारा मधल्या काळात काय करत होता ते एका सकाळी कळलं. तो जुनी गाडी शोधत होता. ह्या दलालाकडून त्या दलालाकडं विचारत विचारत त्यानं तिचा माग काढला होता. कुरवंड्याला एका बंगलेवाल्याकडं होती. सुट्टीला मुंबईची माणसं येतात, त्यांना स्टेशनवरून आणायला, गाद्या आणि पाण्याचे कॅन वाहायला तो ती वापरायचा.

"चला," तो दारात उभा राहून म्हणाला. इतक्या दिवसांनी आला होता, पण काही झालंच नाही असा.

"मी कशाला?"

"घरातली समदी मला बरं वाटावं म्हनून बोलत्यात. तुमी न्हाई बोलत तसं."

मी पोरांचा स्वयंपाक झाकून ठेवला आणि गेले. का गेले, तर मलाही बघायचं होतं. कामशेत गेलं, कार्ला गेलं, लोणावळ्याची चिक्कीची दुकानं गेली. तो विचित्र चालवत होता. पूर्वी सैल बोटांनी धरायचा, आता दोन्ही मुठी आवळून, स्टेरिंग कुणी काढून नेणार असल्यासारखा. आणि डोळे फाडून. पूर्वी तो रस्त्याकडं इतकं बघायचा नाही.

बंगल्याच्या मागच्या बाजूला ती उभी होती. समोर नागफणीचा सुळका, आणि खाली ही गाडी, चिखलानं बरबटलेली. दाराला लांब ओरखडा. आत ओल्या गाद्यांचा वास आणि चिक्कीचे कागद. म्हाताऱ्यानं ह्यातलं काही बघितलं नाही. बॉनेट उघडून तेलाच्या डबीचं झाकण काढलं, बोट बुडवलं, चोळलं, वास घेतला. मी त्याच्या चेहऱ्याकडं बघत होते. चोळताना काही हललं नाही. वास घेतल्यावर हललं.

"तेल चांगलं ठेवलंय," तो म्हणाला.

बंगलेवाला चाळिशीचा माणूस होता, अर्ध्या चड्डीत. तो भाव सांगायला तयारीनं बाहेर आला. म्हाताऱ्यानं त्याला बोलूच दिलं नाही.

"ही लाइटीची घ्या. माजी मला द्या."

"म्हणजे वर किती द्यायचे मी?"

"काय न्हाई. गाडीला गाडी."

त्या माणसानं माझ्याकडं बघितलं. म्हातारा शुद्धीवर आहे का, असं त्याला विचारायचं होतं. मी दुसरीकडं बघितलं. शुद्धीवर होता. त्याला फक्त एक गोष्ट पाहिजे होती आणि ती ह्या जगात अजून आहे असं त्याला वाटत होतं. बंगलेवाल्यानं चहा मागवला आणि चहा यायच्या आत हो म्हणाला. कागद उद्या थोरला करील, असं ठरलं.

म्हातारा आत बसला. इंजिन चालू केलं आणि स्टेरिंग एका बाजूला शेवटपर्यंत फिरवलं. पंप कण्हला. ते कण्हणं मी ओळखलं, आमच्या अंगणात रोज ऐकलेलं होतं. म्हातारा हसला. किती महिन्यांनी मी त्याचे दात बघितले. "ऐकलं?" म्हणाला. "जित्ती हाय."

आम्ही निघालो. कुरवंड्यातून खाली येणारा तो रस्ता तेव्हा उखडलेला होता, नुसते दगड. त्याला पाहिजे होता तसाच. त्यानं मुठी सोडल्या, बोटं सैल केली आणि डोळे अर्धे मिटले, उभ्या गाडीत मिटायचा तसे.

मग त्यानं डोळे उघडले.

गाडी अजून हळू केली. एक चाक मुद्दाम कडेच्या दगडांवर घातलं. परत रस्त्यावर घेतलं. परत दगडांवर घातलं. गाडी हिंदकळत होती, माझं डोकं खिडकीला लागत होतं.

"ह्यांनी काय केलंय हिला?" तो म्हणाला. थांबला, उतरला, बॉनेट उघडलं. तेल बघितलं, पट्टा बघितला, वाकून खाली बघितलं. परत येऊन बसला. स्टेरिंग फिरवलं, पंप कण्हला. "आवाज येतोय," तो म्हणाला. मला नव्हे.

मला कळलं होतं. मला वाटतं त्यालाही कळलं होतं, पण ते खरं व्हायला अजून एक गोष्ट बाकी होती, आणि त्यासाठीच त्यानं मला आणलं होतं.

"हात लावा," तो म्हणाला.

त्यानं गाडी माणसाच्या चालीनं सोडली. मी उजवा हात लांब केला आणि बोटं सैल ठेवली, त्यानं शिकवलं होतं तशी. त्याचे हात वर होते, माझा खाली. दगड होते ते दगडासारखे लागले. मधे माती आली ती मातीसारखी लागली. परत दगड. जात्यात दाणा होता.

तो रस्त्याकडं बघत नव्हता. माझ्याकडं बघत होता. नाही म्हणा, असं त्याच्या तोंडावर लिहिलेलं होतं. एवढं मला वाचता येतं. मी नाही म्हटलं असतं तर त्यानं दुसरी गाडी शोधली असती, मग तिसरी, आणि एक दिवस कुठल्यातरी वळणावर कुणाच्या तरी अंगावर गेला असता. पण हा हिशोब मी तेव्हा केला नाही. त्यानं विचारलं आणि मी होतं ते सांगितलं.

"लागतंय का?"

"लागतंय."

"किती?"

"पयल्यासारखं. समदं."

त्यानं ब्रेक दाबला. हात स्टेरिंगवरून काढून मांडीवर ठेवले, तळवे वर करून. ते हात मी इतकी वर्षं बघितले होते, पण इतके रिकामे कधी बघितले नव्हते. तो दार उघडून उतरला, बॉनेटला धरत धरत गाडीला वळसा घातला आणि मागचं दार उघडून मागच्या सीटवर जाऊन बसला. ओल्या गाद्यांच्या वासात. त्या गाडीत तो मागं कधी बसला नव्हता.

"थोरल्याला फोन लावा," तो म्हणाला. "डायवर पाठव म्हनावं."

त्याचा फोन त्यानं पुढं केला. मी विचारलं नाही की तुमी का लावत नाही. पडद्यावर त्याची बोटं उमटेनाशी झाली होती, तेही मी आधीच बघितलं होतं. मी फोन लावला. थोरला म्हणाला, यायला वेळ लागेल, ट्रॅफिक आहे.

"गाडी बंद कशी करायची?" मी विचारलं.

"ऱ्हाऊ द्या चालू."

आम्ही बसलो. मला गाडी येत नव्हती आणि त्याला येत होती. रस्त्यानं एक पोरगा मेंढ्या हाकत गेला, त्यानं आत डोकावून बघितलं, डायवरची सीट रिकामी, मागं म्हातारा, बाजूला मी, आणि इंजिन चालू. मग तो मेंढ्यांमागं पुढं गेला.

समोर स्टेरिंग आपलं आपण बारीक थरथरत होतं. मला दिसत होतं. मागून त्याला दिसतंय का, ते मी विचारलं नाही.